पेटीमागचे दिवे

आमच्या मंडळाकडे एक पेटी आहे. तिचं पूर्ण नाव फोनवर कुणी घेत नाही. "पेटी लागेल," एवढंच म्हणतात आणि पत्ता सांगतात. माणूस गेलं की त्याला ठेवायची ती गार पेटी. वर काच, खाली कॉम्प्रेसर, घरातल्या प्लगवर चालते. दिल्लीतल्या मराठी घरांमध्ये निम्मी माणसं दूर असतात. मुलगा पुण्याला, भाऊ नागपूरला, मुलगी परदेशात. सगळे पोचेपर्यंत एक-दोन दिवस जातात. ते एक-दोन दिवस पेटी सांभाळते.

पेटी दोन चाकांच्या एका ट्रेलरवर असते आणि ट्रेलर लक्ष्मीबाई नगरात आमच्या सरकारी क्वार्टरच्या मागच्या गल्लीत उभा असतो. तिथे का, तर माझ्या नवऱ्याने वीस वर्षं पेटी पोचवायचं काम केलं म्हणून. त्याचा एक फायदा झाला. दिल्लीत पार्किंगवरून माणसं एकमेकांची डोकी फोडतात, पण आमच्या ट्रेलरशेजारी कुणी गाडी लावत नाही. खालच्या मजल्यावरच्या भाभीजी म्हणायच्या, "आपको तो भगवान ने दो पार्किंग दी हैं." मी म्हणायचे, "भगवान ने नहीं, भाभीजी, डर ने."

नवऱ्याची डिझेल जीप होती. ट्रेलर जोडला की निघण्याआधी एक रीत असे. तो जीपमध्ये बसून एकेक दिवा लावी आणि मी ट्रेलरमागे उभी राहून ओरडून सांगे. "डावा?" "हो." "उजवा?" "हो." "ब्रेक?" "हो." मग मी पुढे येऊन बसे. बहुतेक वेळा मीही सोबत जाई, कारण माणूस गेलेल्या घरातल्या बायकांशी बोलणं त्याला जमत नसे आणि मला जमे. मी रडत नाही. चहा कुठे आहे, प्लग कुठला चालतो, कुणाला फोन करायचे राहिलेत, हे विचारते. अशा घरात तेवढं विचारणारं कुणीतरी लागतंच.

आठ वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही पहाटे फरिदाबादला निघालो होतो. धुकं असं होतं की जीपचं बॉनेट दिसत होतं, त्यापुढचा रस्ता नाही. गल्लीत नेहमीचे प्रश्न झाले. डावा, उजवा, ब्रेक. मी तिन्ही वेळा "हो" म्हटलं. माझ्या हातात थर्मास होता आणि त्याचं झाकण आटे सोडून बसलं होतं. मी ते बसवत होते. मी झाकणाकडे बघत होते.

बदरपूरच्या पुढे मागून आवाज आला. मोठा नव्हता. लोखंडी कपाटाचं दार लावल्यासारखा. ट्रेलर थोडा पुढे ढकलला गेला आणि जीप थांबली. आम्ही उतरलो. एक मोटरसायकल ट्रेलरखाली अर्धी गेली होती आणि एक माणूस रस्त्यावर बसला होता. चाळिशीचा असेल. तपकिरी स्वेटर, डोक्याला मफलर. बसला होता, म्हणून मला वाटलं फार लागलेलं नाही. तो आजूबाजूला हात फिरवून काहीतरी शोधत होता. हँडलला बांधलेला त्याचा जेवणाचा डबा निसटून लांब पडला होता. मी तो आणून त्याच्याजवळ ठेवला. त्याने डब्यावर हात ठेवला आणि मग तो आडवा झाला.

तिसऱ्या दिवशी इस्पितळात त्याचा जीव गेला. पोलिसांनी धुकं लिहिलं. त्याचा वेग लिहिला. ट्रेलरच्या मागच्या लाल पट्ट्या जागेवर होत्या, हेही लिहिलं. दिव्यांबद्दल कुणी विचारलं नाही, कारण धडकेत दोन्ही दिवे फुटलेच होते.

पण नवऱ्याने त्याच दिवशी जोडणी उघडून बघितली. अर्थची वायर सुटलेली होती. ती एक वायर सुटली की मागचे सगळेच दिवे जातात. तो म्हणाला, "गल्लीत तर लागले होते. तू बघितलेस ना. म्हणजे रस्त्यात हिसक्याने सुटली. माझा जोड कच्चा होता."

मी म्हटलं, "असेल."

तेव्हाच सांगायचं होतं. नंतर दुसऱ्या दिवशी सांगणं अवघड झालं, आठवड्याने आणखी, आणि मग ते सांगायची गोष्टच राहिली नाही. आजही मला माहीत नाही की दिवे गल्लीत लागले होते की नाही. लागलेही असतील. वायर खरंच रस्त्यात सुटली असेल. मी बघितलं असतं तर मला ठाऊक असतं, एवढंच.

त्यानंतर नवऱ्याने ट्रेलरची सगळी वायरिंग बदलली. एकदा नव्हे, दर वर्षी. जोडांना डाग दिला, वर नळी चढवली, बल्ब काढून एलईडीचे दिवे बसवले. रविवारी सकाळी तो ट्रेलरखाली आडवा असे आणि मला त्याचे फक्त पाय दिसत. एकदा मी म्हटलं, "पुरे आता, किती वेळा तेच?" तो खालूनच म्हणाला, "अगं, माझ्या हाताने माणूस गेलाय." मी वर जाऊन कुकर लावला.

दोन वर्षांपूर्वी तो गेला. छातीत दुखलं आणि तासाभरात संपलं. आमचा मुलगा बंगळुरूला असतो, तो त्याच दिवशी पोचला, त्यामुळे आमच्या घरी पेटी लागली नाही.

मंडळात चर्चा झाली की पेटी आता कुणाला तरी देऊन टाकावी. हल्ली भाड्यानेही मिळतात. मी म्हटलं, माझ्या गल्लीत आहे, मी चालवते. कुणी वाद घातला नाही. मी केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर आहे. ठराव कसा पास करायचा ते मला कळतं.

पण गेल्या वर्षी जीपला दहा वर्षं पुरी झाली आणि डिझेल असल्यामुळे ती दिल्लीत ठेवता येईना. ती गेली. माझी पेट्रोलची नवी गाडी होती, तिला ऑक्टोबरमध्ये मागे हुक बसवून घेतला आणि दिव्यांसाठी मिस्त्रींना बोलावलं. हे सरदारजी, साठीचे, जीपचं इलेक्ट्रिकचं काम वर्षानुवर्षं हेच करायचे. त्यांनी जीपला जसं केलं होतं तसंच इथे केलं. गाडीच्या मागच्या दिव्याच्या वायरी सोलल्या, त्यांना ट्रेलरच्या वायरी पिळून जोडल्या, वर टेप गुंडाळला, बंपरखाली सॉकेट लावलं. अर्ध्या तासात काम संपलं. दिवे लागले. मी स्वतः मागे जाऊन बघितले, तीनदा.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी खाली उतरले तर भाभीजी जिन्यात भेटल्या. "आपका डिब्बा आज आँख मार रहा था."

"क्या?"

"दोपहर में. गाड़ी बंद, आप ऊपर. और वो पीछे की लाल बत्ती ज़रा सी... ऐसे." त्यांनी पापणी मिचकावून दाखवली. हसल्या, पण मला हात लावून हसल्या.

दोन दिवस सुट्टी होती म्हणून ट्रेलर गाडीला जोडूनच ठेवला होता. मी खाली जाऊन उभी राहिले. गाडी बंद. किल्ली माझ्या हातात. सॉकेट वाकून बघितलं, मग पुढे येऊन गाडीचं दार उघडलं, तेवढ्यात ट्रेलरचे दिवे क्षणभर उजळले. पुरते नाही. कुणी फुंकर घातल्यावर निखारा दिसतो तेवढे. मग विझले. थोड्या वेळाने पुन्हा.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. पेटीतून किती माणसं गेली ते मी मोजलेलं नाही, पण कुणी परत आलेलं नाही. तरी मी प्लग ओढून काढला आणि मागे न बघता वर गेले.

मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम जी, नई गाड़ी है. इसमें कंप्यूटर बैठा है. वो हर बल्ब से पूछता रहता है, है कि नहीं, है कि नहीं. ज़रा सा करंट भेजता है. पुराने बल्ब को पता नहीं चलता, एलईडी उतने में जल जाती है. फ़िक्र मत करो."

"इसका कुछ हो सकता है?"

"आता है एक डिब्बा, कश्मीरी गेट में. पर ज़रूरत क्या है? जल तो रही हैं."

मी तेवढ्यावर सोडून दिलं. ट्रेलर काढून ठेवला, प्लग काढून ठेवला. पण गल्लीतून जाताना त्या बंद दिव्यांकडे बघायचं टाळू लागले, हे मात्र खरं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी साडेसहाला फोन आला. गाझियाबादहून. नवऱ्याचे जुने मित्र गेले होते. बरेच दिवस आजारी होते, घरीच गेले. फोनवर त्यांचे थोरले भाऊ होते, ग्वाल्हेरचे. भावाच्या आजारपणासाठी महिनाभर येऊन राहिले होते.

"वहिनी, पेटी लागेल हो. इथल्या दोन्ही पेट्या बाहेर आहेत, थंडी आहे ना, रोज कोणी न कोणी. इस्पितळात ठेवू म्हटलं तर घरची बाई ऐकत नाही. म्हणते, त्यांना घराबाहेर नाही काढायचं."

"मुलगी?"

"निघाली आहे कॅनडाहून. उद्या संध्याकाळी. पण हे धुकं, विमानाचा काय भरोसा. चार साल झाले, बापाला पाहिलं नाही पोरीने. फोनवर एकच म्हणते, बाबांना मी येईपर्यंत ठेवा."

"मी दहापर्यंत पोचते," मी म्हटलं. "तोवर बर्फाच्या लाद्या मागवा. दोन पुरतील. खाली प्लॅस्टिक घाला."

ऑफिसला कळवलं, शाल घेतली, खाली आले. धुक्यात समोरचा ब्लॉकही दिसत नव्हता. ट्रेलर जोडला, प्लग लावला, गाडी सुरू केली, दिवे लावले आणि मागे गेले. ट्रेलरचा डावा दिवा बंद होता. आणि गाडीचा स्वतःचा डावा दिवाही बंद होता. समोर डॅशबोर्डवर पिवळी खूण आली होती. मी प्लग काढून परत लावला. गाडी बंद करून परत सुरू केली. आता उजवाही गेला.

मिस्त्री साडेआठला स्कूटरवर आले, कानटोपीतून वाफ सोडत. बंपरखाली शिरले आणि लगेच म्हणाले, "गलती मेरी है." पिळलेल्या जोडात दव गेलं होतं. जुन्या गाडीत अशा वेळी फ्यूज उडतो, फ्यूज बदलला की झालं. या गाडीतल्या कंप्यूटरने मात्र काहीतरी बिघडलंय हे ओळखलं होतं आणि ती लाइनच तोडून टाकली होती. त्यांनी जोड सोडवला, पुसला, गाडीच्या वायरी मोकळ्या केल्या. गाडीचे दिवे परत आले. ट्रेलर अंधारातच.

मग ते म्हणाले की दोन रिले लावून बघू, म्हणजे ट्रेलरला करंट वेगळा मिळेल. स्कूटरच्या डिकीत रिले होते. लावले. दिवे लावल्याबरोबर रिले टर्रर करून वाजायला लागला आणि थांबेना. ट्रेलरचा दिवा त्याच्याबरोबर फडफडत होता. मिस्त्री कपाळाला हात लावून बसले. "ये गाड़ी सीधा करंट देती ही नहीं. टुकड़े-टुकड़े में देती है. रिले बेचारा क्या करे."

"तो वो डिब्बा लाइए, कश्मीरी गेट वाला."

"मॅडम जी, बाज़ार ग्यारह बजे खुलता है. आप एक काम करो. धूप निकलने दो और ऐसे ही निकल लो. दिन में पीछे की बत्ती कौन देखता है?"

"ब्रेक की?"

"धीरे चलाना."

"नहीं," मी म्हटलं. "आप डिब्बा लाइए."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. फरिदाबादची गोष्ट त्यांना माहीत होती. नवऱ्याने प्रत्येक नवा जोड त्यांना दाखवला होता. ते स्कूटरला किक मारून गेले.

दहाला पहिला फोन आला. "वहिनी, कुठपर्यंत आलात?"

"निघाले नाही. दिवे लागत नाहीत."

"कोणाचे?"

"ट्रेलरचे. मागचे."

"अहो, दिवस उगवला आहे."

"माहीत आहे. उशीर होईल. बर्फ वाढवा."

अकराला धुकं उठलं. दिल्लीत जानेवारीत असं ऊन पडतं तेव्हा माणसं गच्चीवर संत्री घेऊन बसतात. भाभीजी खाटेवर पाय सोडून बसल्या होत्या. रस्ता लख्ख होता. मी कुठल्याही क्षणी निघू शकत होते. मी गाडीच्या बाजूला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते आणि गाझियाबादमध्ये एका खोलीत लाद्यांचं पाणी होत होतं. मी दोनदा उठून स्टिअरिंगवर बसले. दोनदा उतरले. आरशात मला ट्रेलर दिसत होता आणि त्याच्या मागे, जिथे काहीच नव्हतं तिथे, मला काहीतरी आहे असं वाटत राहिलं. मी मान वळवून बघितलं. गल्ली होती. कुत्रं होतं. सुकत घातलेल्या रजया होत्या.

बाराला दुसरा फोन. आता त्यांचा आवाज चढला होता. "तुम्ही येता की नाही ते सांगा. आम्ही दुसरं पाहू."

"दुसरं काय आहे?"

"दुसरं म्हणजे घेऊन जाऊ. उन्हं उतरायच्या आत. पोरीला समजावू."

"भाऊजी, तीनपर्यंत थांबा."

"वहिनी, मी बहात्तर वर्षांचा आहे. माझा धाकटा भाऊ पाण्यात पडला आहे. तुम्हाला बत्त्या सुचतात?"

फोन त्यांनीच ठेवला.

मिस्त्री साडेबाराला आले. पत्त्यांच्या कॅटाएवढी काळी डबी होती ती. तिची युक्ती साधी होती. ट्रेलरच्या दिव्यांना करंट थेट बॅटरीतून, स्वतःचा वेगळा फ्यूज लावून. गाडीच्या वायरींकडून फक्त निरोप घ्यायचा की आता ब्रेक, आता डावा, आता उजवा. निरोपाला नावापुरताच करंट लागतो, त्यामुळे गाडीच्या कंप्यूटरला मागे कुणी जोडलंय याचा पत्ताही लागत नाही. पण बॅटरी पुढे आणि ट्रेलर मागे. नवी वायर बॉनेटमधून आत, दारांच्या खालच्या पट्ट्या उचकून मागेपर्यंत न्यायची. मी पट्ट्या उचकल्या. माझं एक नख मुळापर्यंत तुटलं. मिस्त्रींनी या वेळी एकही वायर पिळली नाही, सगळ्या डाग देऊन जोडल्या. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच.

दोनला दिवे लागले. मिस्त्री आत बसले आणि मी मागे उभी राहिले. ते काच खाली करून विचारत होते आणि मी बघून सांगत होते. तिन्ही झाल्यावर मी म्हटलं, "फिर से." त्यांनी परत केलं. "फिर से." तिसऱ्या वेळी ते उतरून आले आणि किल्ली माझ्या हातात दिली. "जाओ बेटा," म्हणाले. मी पंचावन्न वर्षांची आहे.

गाझियाबादला साडेतीनला पोचले. तळमजल्याचं घर, दारात माणसं. फाटकाशी बांबू आडवे ठेवले होते आणि दोघेजण सुतळी सोडवत होते. मी गाडीतून उतरले तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते आणि कुणीच पुढे आलं नाही.

आत हॉलमध्ये फर्निचर भिंतीला लावलं होतं. दोन जाजमं पाण्याने काळी पडली होती. लाद्यांच्या मधोमध ते झोपले होते आणि त्यांच्या सदऱ्याची बाही ओली होऊन दंडाला चिकटली होती. ती बाही कुणीतरी सोडवायला हवी होती. मी सोडवली.

ग्वाल्हेरचे भाऊ दारातून म्हणाले, "आता राहू द्या वहिनी. गाडी सांगून झाली आहे. साडेचारला निघायचं."

"पेटी आणली आहे."

"पाहिली. सकाळी आणायची होती."

"सकाळी आणायची होती," मी म्हटलं. "चुकलं. पण आता आणली आहे. चार माणसं द्या, दहा मिनिटांत आत येईल."

"आणि उद्या विमान नाही आलं तर? परवा? किती ठेवणार? हाल चालले आहेत जिवाचे."

ते वाईट माणूस नव्हते. सकाळपासून ते बादल्यांनी पाणी उपसत होते. त्यांच्या पायजम्याचे पाय गुडघ्यापर्यंत भिजले होते. त्यांच्याशी वाद घालायचा मला हक्क नव्हता. मी वहिनींकडे बघितलं, म्हणजे गेलेल्यांच्या बायकोकडे. त्या कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या होत्या, हातात मोबाइल. पडद्यावर मुलीचा मेसेज असावा, कारण त्या पुन्हा पुन्हा बोट फिरवून पडदा जागा ठेवत होत्या.

"वहिनी," मी म्हटलं, "तुम्ही सांगा."

"भाऊजी," त्या दिराला म्हणाल्या, मान वर न करता, "ती विमानात बसलीय. आता तिला फोन लागत नाही. तिला विचारल्याशिवाय नाही नेता येणार."

थोरले भाऊ एकदा बांबूंकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघत उभे राहिले. मग बाहेर गेले आणि सुतळी सोडवणाऱ्यांना म्हणाले, "अरे, ते राहू द्या. इकडे हात लावा. सांभाळून, काच आहे."

मी रात्री तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी मुलीचं विमान धुक्यामुळे जयपूरला उतरवलं. तिथून ती टॅक्सीने आली, संध्याकाळी सातला. आल्यावर काचेवर दोन्ही तळहात ठेवून ती बराच वेळ उभी राहिली. तिच्या श्वासाने काच धूसर होई, ती बाहीने पुसे आणि पुन्हा बघे. कुणी तिला बाजूला केलं नाही.

नंतर ती मागच्या ओट्यावर आली. मी तिथे कप विसळत होते.

"काकू, आई म्हणाली काल दुपारी नेणार होते."

"हो."

"तुम्ही दहाला येणार होता ना?"

"हो."

"मग?"

ट्रॅफिक होतं म्हणता आलं असतं. दिल्लीत ते नेहमीच खरं असतं. मी नळ बंद केला आणि तिला सांगितलं. आधी दिव्यांचं. मग फरिदाबादचं. तपकिरी स्वेटर, डबा. मग थर्मासचं. आठ वर्षांत हे मी पहिल्यांदा मोठ्याने बोलत होते आणि फार तर पाच मिनिटं लागली. मला वाटलं होतं त्याहून ते खूपच लहान होतं.

ती ऐकत होती. प्रवासाने तिचे डोळे सुजले होते. "काकांना हे माहीत नव्हतं?"

"नाही. त्याला शेवटपर्यंत वाटत राहिलं की जोड कच्चा होता."

"आणि काल. ऊन होतं?"

"लख्ख."

"तरी थांबलात."

"थांबले."

"मी आले असते आणि बाबा नसते," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "फक्त तुम्हाला तुमची भीती होती म्हणून."

"हो."

"परत तसंच झालं तर?"

"मी परत थांबेन," मी म्हटलं. "तुला खोटं कशाला सांगू."

ती एकटक माझ्याकडे बघत राहिली. मी नजर वळवली नाही. मग ती आत गेली. दार तिने ओढून घेतलं, आपटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना नेलं. सगळे स्मशानातून परत आले, अंघोळी झाल्या. मी पेटी पुसून घेतली, चौघांनी ती ट्रेलरवर चढवली. ज्या घरातून माणूस गेलंय तिथून निघताना आपल्याकडे निरोप घेत नाहीत. "येते" म्हणायचं नाही, घरच्यांनी "या" म्हणायचं नाही. गुपचूप चप्पल घालायची आणि चालायला लागायचं. वीस वर्षं मी तशीच निघत आले आहे. पेटीबरोबर आलेल्या बाईला तर पुन्हा या असं कोण म्हणेल?

मी गाडीचं दार उघडलं तेव्हा मुलगी ओल्या केसांनी फाटकापर्यंत आली.

"काकू, या हं परत," ती म्हणाली.

मागे थोरल्या भावांचा चेहरा पांढरा पडला. "अगं," ते म्हणाले, "असं म्हणू नये." दिल्लीत वाढलेली, मग कॅनडात राहिलेली मुलगी, तिला कुणी शिकवलं नसेल. किंवा माहीत असूनही ती म्हणाली असेल. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं नाही. ती फाटकाची कडी धरून उभी होती आणि उत्तराची वाट बघत होती.

"येते," मी म्हटलं आणि गाडी सुरू केली.